अपघात आणि त्याची साक्ष

भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याविषयीचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाच्या धंद्यात एक शिस्त अगदी आरंभापासून पाळावी लागते. भट्टीतून निघालेल्या धातूचा नमुना काढावा, त्यातील कार्बन, गंधक व फॉस्फरस यांचे प्रमाण तपासावे आणि मगच तो धातू पुढच्या कामास लावावा. भट्टीवरील माणूस कितीही अनुभवी असो, त्याने 'पाहून ठीक वाटले' असे सांगितल्यावर कोणी त्या धातूचे रूळ घडवीत नाही. नमुना, मोजमाप आणि नोंद ही तिन्ही असल्यावाचून तेथे कोणतेही विधान ग्राह्य धरले जात नाही.

याच कारखान्याच्या फाटकाबाहेर, मुंबई-हावडा लोहमार्गाच्या साथीने एक रुंद रस्ता जातो. कागदोपत्री तो पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ होता आणि आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. गावकरी मात्र त्याला जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडच्या आद्याक्षरांवरून आजही 'जी. ई. रोड' म्हणतात. सुपेला, पॉवर हाऊस, खुर्सीपार, चरोदा, कुम्हारी असा तो रायपूरकडे जातो. या रस्त्यावर माणूस दगावला म्हणजे तो कसा दगावला हे ठरविण्याची रीत कारखान्यातील रीतीहून अगदी निराळी असते. येथे नमुना बहुधा काढला जात नाही आणि मोजमाप घाईने होते. नोंद असते, पण ती ज्याने काही पाहिले, अथवा पाहिले असे त्यास वाटते, त्याच्या शब्दांवर उभी असते.

कुम्हारीचीच दोन उदाहरणे घ्यावीत. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील अपुऱ्या उड्डाणपुलावरून एक दुचाकी रात्रीच्या अंधारात खाली कोसळली. तीवरील पती-पत्नी मृत्युमुखी पडले आणि त्यांची मुलगी बचावली. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री कामगारांना घरी नेणारी एक बस कुम्हारीजवळच मुरुमाच्या खाणीत पडली आणि किमान १२ जणांचे प्राण गेले. या दुसऱ्या दुर्घटनेच्या पहिल्या वृत्तांत खाणीची खोली कोठे ४० फूट तर कोठे ५० फूट दिलेली होती आणि मृतांची संख्याही वृत्तागणिक बदलत होती. माणसांची संख्या रात्री चुकावी हे समजण्यासारखे आहे, कारण जखमी निरनिराळ्या रुग्णालयांत पांगलेले असतात. खड्डा मात्र दुसऱ्या दिवशीही तेथेच असतो आणि त्याची खोली फितीने मोजता येते. तरीही तिचे दोन आकडे चालू राहतात. ज्या वस्तूचे मोजमाप इतके सुलभ आहे तिची ही स्थिती असेल, तर बसचा वेग, तिचे दिवे, चालकाचा थकवा, रस्त्याच्या कडेची अवस्था या गोष्टींविषयीच्या विधानांवर किती भार टाकावा?

पहिले उदाहरण अधिक बोधक आहे. पूल जेथे संपत होता तेथे दुचाकीस्वाराला थांबविणारे काही असते, तर तो वाचला असता. पण अपघाताच्या नोंदीत 'कारण' असा जो रकाना असतो त्यात मुख्यतः चालकाचे दोष भरण्याची रीत आहे: अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन हाकणे. चालकच हयात नसेल, तर त्याच्या वतीने हरकत घेणारेही कोणी नसते.

अपघाताचा पहिला कागद म्हणजे पोलिसांत दिलेली प्रथम खबर. या कागदाचे प्रयोजन काय, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. तो शास्त्रीय निरीक्षणाचा कागद नव्हे, तर गुन्हा घडला की नाही हे ठरविण्यासाठी लिहिलेला कागद होय. भारतीय दंड संहितेची कलमे २७९ व ३०४-अ आणि १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी आलेली भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ व १०६ यांना लागू होण्यासाठी वाहन अविचाराने अथवा निष्काळजीपणाने चालविले गेले असे दिसावे लागते. म्हणून महाराष्ट्रातील फिर्यादीत 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात' असे शब्द येतात आणि छत्तीसगडमधील हिंदी फिर्यादीत 'तेज एवं लापरवाहीपूर्वक' असे येतात. सांगणारा शेतकरी छत्तीसगडीत एवढेच म्हणाला असेल की ट्रक आला आणि लागला. लिहिताना त्या ट्रकला वेग प्राप्त होतो. यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. कायद्याच्या साच्यात वाक्य बसवावे लागते, आणि साच्यातच वेग आहे.

याचा परिणाम दूरवर पोहोचतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या वार्षिक अहवालानुसार देशातील अपघाती मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग होते. वेग प्राणघातक असतो यात शंका नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. पण हे ७१ टक्के कोणत्या वेगमापकाने मोजले, असा प्रश्न विचारला तर त्यास उत्तर नाही. त्यांतील काही भाग खरोखरीच्या वेगाचा आहे आणि काही भाग फिर्यादीच्या भाषेचा आहे. या दोहोंची वाटणी करण्याचे साधन त्या अहवालाजवळ नाही. धोक्याचे वळण, दिव्यांवाचून उभा ठेवलेला ट्रक, दुभाजकातील अनधिकृत खिंडार, ही सर्व 'अतिवेगा'च्या पांघरुणाखाली झाकली जातात आणि त्यांची दुरुस्ती लांबणीवर पडते.

प्रत्यक्ष पाहिलेल्याचे मोल तरी किती? अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरींच्या चित्रफिती दाखविल्या आणि वेग विचारला. प्रश्न एकच, त्यातील क्रियापद तेवढे बदललेले. मोटारी एकमेकींवर 'आपटून चुराडा झाल्या' तेव्हा वेग किती होता, असे विचारले असता उत्तरांची सरासरी ताशी सुमारे ४१ मैल आली. त्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा किती होता, असे विचारले असता ती सुमारे ३२ मैलांवर उतरली. चित्रफिती त्याच, पाहणारे सारख्याच शिक्षणाचे, आणि तरी एका शब्दाने नऊ मैलांचा फरक पाडला. दुसऱ्या प्रयोगात एका आठवड्यानंतर 'फुटलेली काच पाहिली काय' असे विचारले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हती. तरीही ज्यांना पहिला, जोरकस शब्द ऐकविला होता त्या ५० जणांपैकी १६ जणांनी 'होय' म्हटले. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांत असे म्हणणारे ७ निघाले. रस्त्यावरचा साक्षीदार तर टक्कर बहुधा पाहतच नाही. तो आवाज ऐकून मान वळवितो आणि त्याआधीचे मनाने भरून काढतो. भोवती जमलेल्या घोळक्यात चार वेळा सांगितलेली हकीकत पाचव्या वेळी ठाण्यात उतरवून घेतली जाते. साक्षीदार प्रामाणिक आहे की नाही हा न्यायालयाचा प्रश्न झाला. चौकशी करणाऱ्याचा प्रश्न याहून निराळा आहे, आणि प्रामाणिक मनुष्यही येथे भरवशाचे साधन ठरत नाही.

रस्त्यावर उमटलेल्या खुणांना भाषा नसते, म्हणून त्या शब्दांनी बदलत नाहीत. चाके जाम होऊन डांबरावर उमटलेली काळी रेघ घ्यावी. रेघेच्या शेवटी वाहन थांबले असे धरले, तर तिची लांबी, घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार करून त्याची दुप्पट घ्यावी व वर्गमूळ काढावे, म्हणजे आरंभीचा वेग मिळतो. कोरड्या, स्वच्छ डांबरासाठी घर्षणांक ०.७ धरला आणि रेघ २० मीटर असली, तर वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर येतो. त्याच रस्त्यावर मुरुमाची धूळ पसरलेली असेल अथवा पाऊस पडून गेला असेल आणि घर्षणांक ०.५ असेल, तर तीच २० मीटरची रेघ ताशी सुमारे ५० किलोमीटर वेग सांगते. म्हणजे रेघ मोजली पण रस्त्याची अवस्था टिपली नाही, तर उत्तरात १० किलोमीटरचा गोंधळ राहतो. शिवाय ज्या वाहनांत चाके जाम होऊ न देणारी गतिरोधक यंत्रणा असते त्यांची रेघ पुसट असते किंवा नसतेच. रेघ नाही म्हणून चालकाने गतिरोधक दाबलाच नाही, असा निष्कर्ष काढणारा चौकशी अधिकारी वीस वर्षे जुन्या ज्ञानावर चालत असतो. दिव्यांचेही असेच आहे. जुन्या पद्धतीच्या दिव्यातील तार पेटलेली असताना धक्का बसला तर ती ताणली जाऊन वेडीवाकडी होते आणि थंड असताना बसला तर कट्कन तुटते. एवढ्याशा तारेवरून 'दिवे चालू होते' या विधानाची परीक्षा करता येते. पण त्यासाठी तो दिवा भंगारात जाण्याआधी कोणीतरी काढून ठेवावयास हवा.

यंत्राने केलेली नोंदही प्रश्न विचारूनच वाचावी लागते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली आणि उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी असे मागच्या आसनांवरील दोघे मरण पावले. पोलिसांनी तपासणी नाक्यावरील कॅमेऱ्याचा आधार घेऊन सांगितले की मोटार दुपारी २ वाजून २१ मिनिटांनी नाक्यावरून गेली आणि सुमारे २० किलोमीटर अंतर ९ मिनिटांत तोडले. याचा अर्थ सरासरी वेग ताशी सुमारे १३३ किलोमीटर. पुढे निर्मात्या कंपनीने मोटारीतील नोंदयंत्र वाचून प्राथमिक अहवाल दिला. त्यानुसार टकरीपूर्वी पाच सेकंद वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि गतिरोधक दाबल्यानंतर आदळतेवेळी तो ८९ होता. अनेकांना ही विसंगती वाटली आणि कोणीतरी खोटे बोलत आहे असेही बोलले गेले. वास्तविक दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. एक २० किलोमीटरची सरासरी सांगते व दुसरे अखेरच्या काही सेकंदांचा वेग सांगते. पहिल्या विधानातील अनिश्चितता मात्र मोठी आहे. अपघाताची वेळ एक मिनिटाने इकडेतिकडे झाली तर १३३ ऐवजी १२० किंवा १५० असे उत्तर येते. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले होते काय, आणि अपघाताची वेळ कोणी व कशावरून ठरविली, हे दोन प्रश्न तेथे सर्वांत महत्त्वाचे होते. पण चर्चेत ते क्वचितच दिसले.

असे नोंदयंत्र महागड्या मोटारीत असते. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर मेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ७४,८९७ दुचाकीवरचे आणि ३२,८२५ पायी चालणारे होते. कारखान्याची पाळी संपवून सायकलवर घरी निघालेल्या कामगाराच्या खिशात काळी पेटी नसते. त्याच्यासाठी रस्ता आणि देह हीच दोन नोंदयंत्रे असतात. पहिले वाहतुकीच्या सोयीसाठी तासाभरात पुसले जाते. दुसरे रुग्णालयात वाचले जाते, परंतु तेथे लिहिलेले फार वेळा तेथेच राहते.

भिलाईतील जखमी माणूस सेक्टर ९ च्या रुग्णालयात जाईल, दुर्गच्या जिल्हा रुग्णालयात जाईल किंवा रायपूरला नेला जाईल. रायपूरला दहा दिवसांनी तो मरण पावला, तर तेथील पोलीस शून्य क्रमांकाने 'मर्ग' नोंदवितात. छत्तीसगडमध्ये अकस्मात मृत्यूच्या नोंदीस हाच शब्द रूढ आहे. तो कागद मग अपघात जेथे घडला त्या ठाण्याकडे धाडावयाचा असतो. तो वेळेवर पोहोचला तर जखमींच्या यादीतील नाव मृतांच्या यादीत जाते. वाटेत रेंगाळला, तर एक मनुष्य आकडेवारीत जिवंत राहतो. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत आलेला मृत्यू अपघातात धरावा, हा आंतरराष्ट्रीय संकेत भारतातही मान्य आहे. संकेत पाळण्यासाठी दोन ठाणी व एक रुग्णालय यांच्यात कागद फिरला पाहिजे, एवढीच अट आहे, आणि ती दिसते तितकी हलकी नाही.

एकाच ठाण्यातून निघालेले आकडे वर चढता चढता कसे पालटतात, हेही पाहण्यासारखे आहे. २०२२ सालासाठी रस्ते वाहतूक मंत्रालयाने १,६८,४९१ मृत्यू सांगितले, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने १,७१,१०० सांगितले. दोघांचाही मूळ झरा पोलीस ठाणेच. तथापि हा फरक किरकोळ आहे. मोठा फरक घराघरांतून माहिती घेतल्यावर दिसतो. देशातील नमुना कुटुंबांत मृत्यूंची चौकशी करून केलेल्या 'दशलक्ष मृत्यू अभ्यासा'ने २००५ साली रस्ते अपघातांत सुमारे १,८३,६०० माणसे मेली असा अंदाज काढला. पोलिसांची संख्या त्या वर्षी एक लाखाच्या आत होती. त्या अंदाजात ६८,००० पादचारी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ सालासाठी भारताची अधिकृत संख्या १,५३,९७२ दाखवून स्वतःचा अंदाज मात्र २,१६,६१८ दिला. कोणी म्हणेल की अंदाज तो अंदाज, त्यावर विसंबून नोंदीला दोष का द्यावा? आक्षेप अगदीच अस्थानी नाही, कारण घरोघरच्या चौकशीतही चुका असतात. पण त्या चुका पोलिसांच्या चुकांहून निराळ्या जातीच्या असतात, आणि दोन निराळ्या जातीच्या साक्षी समोरासमोर ठेवल्यानेच प्रत्येकीची उणीव मोजता येते.

ही मोजणी करण्याची एक सुबक रीत भारतातच आकाराला आली. कलकत्त्याजवळील सिंगूर भागात जन्म-मृत्यूंची नोंद कितपत पुरी आहे हे तपासताना चि. चंद्रशेखरन यांनी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांच्यासह ती मांडली आणि १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. समजा, एखाद्या जिल्ह्यात पोलिसांच्या यादीत ६० मृत्यू आहेत, रुग्णालयांच्या यादीत ५० आहेत आणि दोन्हींत असलेली नावे ४० आहेत. तर रुग्णालयाच्या ५० पैकी ४० पोलिसांना सापडले, म्हणजे पोलिसांच्या नजरेत दर पाचांतील चार येतात. त्यांचे ६० हे एकूण संख्येचे चार-पंचमांश असतील, तर एकूण संख्या ७५ ठरते. दोन्ही याद्या मिळून नावे ७० च होतात. उरलेले ५ कोणाच्याच यादीत नाहीत आणि तरी ते मेलेले आहेत. या हिशेबाला एक पथ्य आहे. दोन याद्या परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात. रुग्णालयाने कळविले म्हणूनच पोलिसांनी नोंद केली असेल, तर समान नावे फुगतात आणि हुकलेल्यांची संख्या प्रत्यक्षाहून कमी दिसते. हे पथ्य सांभाळूनही जिल्ह्याच्या पातळीवर असा हिशेब दरसाल करणे कठीण नाही. त्याला संगणकापेक्षा दोन कारकून आणि नावांची जुळणी करण्याची चिकाटी अधिक लागते. स्वीडनमध्ये पोलीस व रुग्णालये यांच्या नोंदी 'स्ट्राडा' या एकाच व्यवस्थेत आणल्या गेल्या आहेत, ते याच विचाराने.

भारतातही २०२१ पासून एकात्मिक अपघात नोंद व्यवस्था क्रमाक्रमाने चालू झाली. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा व राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचा तीत हात आहे. पोलीस कर्मचारी घटनास्थळी जाऊन भ्रमणध्वनीवर नोंद भरतो, त्यासह छायाचित्रे व स्थळाचे अक्षांश-रेखांश जातात. जुन्या फिर्यादीत स्थळ 'ठाण्यापासून पूर्वेस अमुक किलोमीटर' असे असे. त्या मानाने ही मोठीच प्रगती होय. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत किती गंभीर अपघात झाले यावरून धोक्याची स्थळे ठरतात, म्हणून स्थळ एका किलोमीटरने चुकले तर दुरुस्ती भलत्याच वळणावर होते. मात्र यंत्र स्वतः जेथे असते तेथले अक्षांश-रेखांश टिपते. नोंद संध्याकाळी ठाण्यात बसून भरली, तर अपघात ठाण्यातच झाला असे दिसेल. आणि 'कारणा'च्या रकान्यात जुन्या फिर्यादीतील शब्दच उतरला, तर त्याला केवळ नवा वेष मिळेल.

नोंदीतील एक शब्द मागे राहिलेल्या कुटुंबाचे भवितव्य ठरवू शकतो. धडक देणारे वाहन ओळखले गेले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मृताची कमाई, वय व अवलंबून असणारी माणसे पाहून भरपाई मागता येते. ते 'अज्ञात वाहन' असे लिहिले गेले, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात. त्याच दिवसापासून लागू झालेल्या नियमांनी पोलिसांना अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत देण्यास सांगितले आहे. रस्त्यावर पडलेला रंगाचा खपला किंवा दिव्याच्या काचेचा तुकडा उचलून ठेवला गेला की नाही, यावर पुष्कळदा 'अज्ञात' आणि 'ज्ञात' यांतला फरक अवलंबून असतो.

ठाण्यातील माणसे कमी आहेत, रस्ता तासन्‌तास अडवून ठेवता येत नाही, जखमींना हलविणे हे पहिले काम आहे, या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यावरून निघते ते एवढेच की दोषी शोधणे आणि कारण शोधणे ही दोन्ही ओझी एकाच हवालदाराच्या खांद्यावर देऊ नयेत. विमान अपघाताच्या चौकशीचा हेतू दोष लावणे नसून पुढील अपघात टाळणे हा आहे, असे आंतरराष्ट्रीय नियमांतच म्हटलेले आहे आणि भारतातही त्यासाठी पोलिसांहून निराळी यंत्रणा आहे. दुर्ग जिल्ह्यात अभियांत्रिकी शिकविणाऱ्या संस्था आहेत, भिलाईत धातूच्या तुटण्याची परीक्षा करणारे जाणकार आहेत. प्रत्येक प्राणघातक अपघातानंतर एक अभियंता, एक वैद्य आणि एक मोटार वाहन निरीक्षक यांनी घटनास्थळी जावे, अर्ध्या तासात फितीने मोजावे, छायाचित्रे घ्यावी, रस्त्याची ओल व धूळ टिपावी. त्यांचा कागद फिर्यादीला जोडला न जाता रस्त्याची देखभाल करणाऱ्या खात्याकडे जावा. त्यात चालकाचे नाव असण्याचे कारण नाही. उड्डाणपूल कोठे संपतो, तेथे काय उभे होते आणि किती अंतरावरून दिसत होते, एवढे त्यात असले म्हणजे झाले.